थर्झामावशीची लाल रेघ

थर्झा रोझवॉर्नने उभ्या आयुष्यात नखांना रंग लावला नव्हता. त्यामुळे मार्चमधल्या एका सकाळी तिने औषधाच्या दुकानात शिरून लाल नेलपॉलिशची बाटली मागितली, तेव्हा दुकानातली बाई आधी तिच्या हातांकडे आणि मग तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कोणता लाल हवा, असं तिने विचारलं. "लांबून दिसेल तो," थर्झा म्हणाली. बाटली हातात आल्यावर तिने ती खिडकीच्या उजेडात धरली, गळ्यापर्यंत भरलेली आहे ना ते पाहिलं, झाकण आधी कुणी फिरवलेलं नाही ना ते पाहिलं, आणि मगच पैसे टेकवले.

दुपारपर्यंत पोलवेरनच्या खाडीवर बातमी पसरली की थर्झामावशी या वयात नखं रंगवायला निघाली. पोलवेरनमध्ये वयस्क बाई नात्याची असो वा नसो, सगळ्यांची मावशीच असते. तेव्हा सगळ्या भाचेमंडळींनी आपापल्या परीने तर्क लढवले. खरं कारण ओहोटीच्या वेळी दिसलं. खाडीतलं पाणी ओसरून रोझवॉर्नांची शिडाची होडी 'गुलन' दोन्ही बाजूंच्या टेकूंवर चिखलात उभी राहिली होती, आणि थर्झामावशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून डेकवर वाकून डोलकाठीच्या तारांच्या टोकांवर त्या रंगाने बारीक रेघा ओढत होती. वरचा भाग आणि खालचा भाग जिथे एकमेकांत फिरवून घट्ट बसतो, बरोबर त्या सांध्यावर आडवी रेघ. पुढे कधी सांधा तसूभरही फिरला, तर रेघ तुटलेली दिसेल. खाडीवरचे जाणते लोक हे करतात. पण ते उरलासुरला घरकामाचा रंग वापरतात. थर्झाचा घरकामाच्या रंगावर विश्वास नव्हता. तो उन्हात उडतो.

तिचा विश्वास तसा कशावरच नव्हता, आणि त्याला कारण होतं. खाडीच्या तोंडाशी मासे डबाबंद करणारा कारखाना होता, तिथे ती शाळा सुटल्यापासून ते कारखाना बंद पडेपर्यंत कामाला होती. तिचं काम टिचक्या मारण्याचं. पुढ्यात बंद डब्यांची रास, हातात पितळी कांडी. चांगल्या डब्याचा आवाज खणखणीत येतो, आतला माल बिघडला असेल तर बद्द येतो. डबा उघडायची परवानगी नाही. आवाजावरूनच काय ते ठरवायचं. झाकण सगळ्यांचंच चकचकीत. आयुष्यभर हेच केल्यावर माणूस दुसरं काय होणार? ती पाव विकत घेताना टिचकी मारायची, टरबूज घेताना मारायची, आणि चॅपेलमध्ये नवा उपदेशक आला की पहिल्या रविवारी त्यालाही मनातल्या मनात मारायची. अँब्रोज रोझवॉर्नने तिला मागणी घातली तेव्हा ती त्याच्या दोन्ही आत्यांकडे चौकशी करून आली होती. तो हे मरेपर्यंत हसत हसत सांगायचा. "मला वाजवून घेतलंय हिने," म्हणायचा.

'गुलन' अँब्रोजची. मॅनकल्सच्या खडकांबाहेर एकदा तिची डोलकाठी आडवी झाली. वारा काही वादळी नव्हता. होडीवर अँब्रोज आणि त्यांची एकुलती एक मुलगी लोवेना, दोघंच. काठी पडली ती पाण्याच्या बाजूला, म्हणून दोघं घरी आली. येताना अँब्रोजने तुटलेलं टोक खिशातून आणलं. डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा असतात. त्यांच्या टोकाला पोलादी नळी चढवून ती यंत्राखाली दाबून पक्की केलेली असते. बाहेरून ती नळी चांदीसारखी लखलखत होती. आत गंजाची तपकिरी पूड. अँब्रोजने ते टोक टेबलावर ठेवलं, थर्झाने त्यावर बोटाने टिचकी मारली, आणि ते उचलून खिडकीत चिनी मातीच्या कुत्र्यांशेजारी ठेवून दिलं. ते तिथेच राहिलं. पुढे अँब्रोज गेला, तोही समुद्रात नाही; आपल्या खुर्चीत, चहा पिता पिता. 'गुलन' ताडपत्रीखाली पडून राहिली.

लोवेना फॅल्मथच्या शाळेत भूगोल शिकवायची. उंच, बापासारखी सावकाश बोलणारी, आईसारखी सहजासहजी न हसणारी. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दोघी मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या खात बसल्या होत्या. थर्झा अजूनही प्रत्येक पास्टीच्या कोपऱ्यावर कणकेचं नावाचं अक्षर चिकटवायची, दोघींचीच असली तरी. लोवेनाने आपल्या अक्षराचा कोपरा शेवटासाठी बाजूला ठेवला आणि सांगितलं की शाळेतून सुट्टी मिळाली आहे, मे महिन्यात 'गुलन' घेऊन अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर जाणार. एकटी.

थर्झाने घास गिळला. "तारा कुठल्या लावणार?" एवढंच तिने विचारलं.

खाडीवर सगळ्यांनी याचा अर्थ आई तयार आहे असा घेतला. लोवेनाने तसा घेतला नाही. आईला ती चांगली ओळखून होती. थर्झा कशालाच नाही म्हणत नसे. ती फक्त तपासायला घेई, आणि तपासणी संपली नाही तर तो तिचा दोष नसे.

धक्क्यावर हेडली स्पार्गोची माडी होती. डोलकाठ्या, तारा, दोर यांचं काम खाडीवर तोच करायचा. माडीत मध्यभागी नळी दाबायचं यंत्र. मायलेकी गेल्या तेव्हा हेडलीने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि बशीत दोन-दोन बिस्किटं ठेवली. थर्झाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. हेडली एकच बिस्किट देतो हे सगळ्या खाडीला ठाऊक होतं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. दाबाची टोकं स्वस्त, हलकी, दिसायला देखणी. एका दिवसात सगळी करून देतो. जुनं टोक गंजलं ते दहा-बारा वर्षं कुणी बदललं नाही म्हणून. ते थोडंबहुत खरंही होतं. थर्झाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत काय चाललंय ते कसं कळणार?"

"आत काय चालायचंय, मावशी? आत तार आहे."

"मागच्या वेळीही तारच होती."

हेडलीने लोवेनाकडे पाहिलं. लोवेना चहात बघत होती. "मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला उकडलेलं अंडं दिलं तर तुम्ही आधी कोंबडीला बोलावून विचाराल."

"कोंबडी खोटं बोलत नाही, हेडली. यंत्रवाले बोलतात."

मग त्याने नाइलाजाने दुसरी पेटी काढली. आट्यांची टोकं. यात यंत्र लागत नाही. तारेचा पीळ टोकाशी उलगडायचा, बाहेरच्या तारा बाजूला करून मधल्या गाभ्यावर बोटाच्या पेराएवढा शंकू सरकवायचा, बाहेरच्या तारा पुन्हा त्याच्याभोवती नीट मांडायच्या, आणि वरून टोपी आट्यांवर फिरवत घट्ट करायची. तारेवर जितका ताण येईल तितका शंकू आत रुततो आणि पकड वाढते. आणि हवं तेव्हा नट फिरवायचे दोन पाने लावून सांधा उघडायचा, आत डोकवायचं, पुन्हा बंद करायचं. घरच्या घरी, कुणाचं तोंड न बघता.

थर्झाने ते टोक हातात घेतलं, उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. लोवेना नंतर म्हणायची की आईच्या चेहऱ्यावर असा भाव तिने फक्त एकदा पाहिला होता, शेजारणीची मांजर खरोखरच त्यांचं दूध पिताना सापडली तेव्हा.

पण पसंत पडलं म्हणून ती तिथेच घेणारी नव्हती. हेडलीने जुनी, वापरलेली टोकं निम्म्या किमतीत दाखवली; ती तिने परत सरकवली, कारण एकाच्या टोपीत दुसऱ्याचा शंकू बसवलेला होता. दोघांचा उतार वेगळा, आणि नुसतं बघून ते पटकन कळलं नसतं. तिने दोन शंकू पाठीला पाठ लावून उजेडात धरले तेव्हा मधून फट दिसली. हेडली म्हणाला की त्यालाही ते माहीत नव्हतं. थर्झाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच तिसरं बिस्किट खाऊ लागला. मग ती प्लिमथला दोन दुकानं हिंडून आली. एका दुकानात चकाकी जास्त होती, तिथून ती लगेच निघाली. शेवटी टोकं हेडलीकडूनच घेतली, पण नवी, पाकीटबंद, सगळी एकाच कंपनीची, सोबत काही जास्तीचे शंकू; आणि तारही त्याच्याचकडून, पण आपल्यासमोर कापून. टोकं बसवायचं काम मात्र त्याला दिलं नाही.

"मग कोण बसवणार?" हेडलीने विचारलं.

"मी."

लोवेनाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

स्वयंपाकघरातलं टेबल महिनाभर तारांनी भरून गेलं. थर्झाने त्याच्या एका कडेला तार घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शेगडा बसवला, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, आणि कामाचा एक नेम ठरवून घेतला: तारा मांडायच्या, कोरडं बंद करायचं, पुन्हा उघडून बघायचं. शंकूला एका बाजूने उभी चीर असते. एखादी तार त्या चिरेत घसरली तर बाहेरून काही दिसत नाही, पण पकड तिथे कच्ची राहते. म्हणून उघडून बघायचंच. सगळ्या तारा सारख्या बसल्या असतील, तरच आत पाणी शिरू न देणारं रबरी लुकण भरायचं आणि कायमचं बंद करायचं. खाडीवर कुणाचंही काम असो, हे दुसऱ्यांदा उघडणं चुकवत नाहीत. चुकवलं तर तो माणूस दारूच्या गुत्त्यात आठवडाभर बोलणी खातो.

काम चांगलं चाललं, पण फार सावकाश. एखाद्या दिवशी उजेड बरा नाही, एखाद्या दिवशी लुकणाचा वास वेगळा येतोय. मार्च उजाडला. चॅपेलमधल्या बायका केशरी बन आणि चहा घेऊन थर्झाभोवती गोळा होऊ लागल्या. जाऊ नको म्हणून एकदा सांग तरी पोरीला, म्हणू लागल्या. थर्झा म्हणायची, ती मोठी आहे. घरी आली की दोन केलेली टोकं पुन्हा सोडून बसायची.

एका रविवारी दुपारी ती शेवटून दुसऱ्या टोकावर वाकली होती. तारा मांडून झाल्या होत्या, टोपी कोरडी बंद केली होती, पाने हातात होते. लोवेना दारात उभी राहिली. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"आई, मी गेलेलं नको आहे ना तुला?"

थर्झाने वर पाहिलं नाही. "काम करू दे."

"नुसतं हो किंवा नाही म्हण."

"उजेडातून बाजूला हो," थर्झा म्हणाली. तिने लुकणाची नळी उचलली, बाजूच्या फटीतून आत दाबली, आणि पाने लावून टोपी आवळली. फार जोराने आवळली. पुढचं टोक तिने दुसऱ्या दिवसावर टाकलं. लोवेना जराशी थांबली, शेगड्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात तारा चढल्या, डोलकाठी उभी राहिली, आणि लाल रेघा ओढल्या गेल्या.

ईस्टरनंतरची गोष्ट. थर्झा ओहोटीला होडीवर चढली, रोजच्यासारखी. रेघांवरून बोट फिरवायची तिला सवय लागली होती. डाव्या बाजूच्या मागच्या तारेशी ती थबकली. रेघ होती. तुटलेली नव्हती. पण रंग जरा वेगळा होता. बाकीच्या रेघा विटेच्या अंगाने जाणाऱ्या लाल. ही किंचित गुलाबीकडे झुकलेली.

ती डेकवर बसली. खालच्या बाजूला तार ताणून धरणारा लांबट आटेदार स्क्रू होता. तारेची लांबी त्यानेच कमीजास्त करायची. उजव्या बाजूच्या जोडीदाराशी तिने तो ताडून पाहिला. डावीकडचा बोटभर जास्त उघडलेला होता. म्हणजे तार आखूड झाली होती. तार आपोआप आखूड होत नाही. कुणीतरी तिचं टोक कापून नव्याने बसवलं होतं, वरून रेघ ओढली होती, आणि थर्झा रोझवॉर्नला कळणार नाही असं धरून चाललं होतं.

घरी येऊन तिने नेलपॉलिशची बाटली काढली. रिकामी. रेघा ओढून झाल्या तेव्हा ती निम्मी तरी होती, तिला पक्कं आठवत होतं. आधी तिने दुकानाला दोष दिला. स्पिरिट जास्त घातलं असणार, उडून गेलं. मग झाकण उघडून पाहिलं तर आतली कुंचली ओली होती, तळापासून खरवडलेली.

तिचा पहिला संशय हेडलीवर. त्याला काम दिलं नाही, त्याचं यंत्र नाकारलं. आता हिचं टोक बिघडवून वर म्हणायला मोकळा की बघा, बायकांच्या हातची कामं. तो दोनदा 'गुलन'जवळून पिशवी घेऊन जाताना दिसला होता. शिवाय त्याची बायको चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि ती नखं रंगवायची. पुढच्या रविवारी थर्झा नेहमीची जागा सोडून ऑर्गनच्या बाजूला बसली. सगळे उभे राहून गात होते आणि ही वाकून मिसेस स्पार्गोच्या बोटांकडे बघत होती. रंग जांभळट निघाला. थर्झाची निराशा झाली, पण तिने संशय सोडला नाही. बाई दोन बाटल्या बाळगू शकते.

तिने डेकवर खडूची पूड पसरून पाहिली. पावलं फक्त सीगलची उमटली. अँब्रोजची दुर्बीण स्वयंपाकघराच्या खिडकीत आली आणि भाजी चिरता चिरता ती होडीवर नजर ठेवू लागली. लोवेनाने एकदा विचारलं, काय बघतेस? "पक्षी," थर्झा म्हणाली. लोवेनाने दुर्बिणीचं तोंड कुठे वळलंय ते पाहिलं आणि कांदा चिरायला घेतला.

शेवटी थर्झा हेडलीच्या माडीवर गेली. चहा नको म्हणाली. डाव्या बाजूच्या मागच्या तारेला हात कुणी लावला, एवढंच विचारलं.

हेडली आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "मावशी, मी नाही."

"मग कोण?"

"मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत नाही. तुमच्याही सांगत नाही, आणि तुमच्या पुष्कळ आहेत."

"म्हणजे कुणीतरी तुझ्याकडून काहीतरी नेलं."

हेडली तारेचं वेटोळं उगाच इकडचं तिकडे करू लागला. "एवढंच सांगतो," तो म्हणाला, "ज्याने नेलं त्याच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. आता मला दुसरं काही विचारू नका. हवं तर उघडून बघा. उघडून बघता यावं म्हणूनच तर घेतलीत ना ती?"

हे बोलणं थर्झाला लागलं, कारण बरोबर होतं. ती घरी गेली, पाने घेऊन आली, होडीवर चढली. बाकीच्या तारा डोलकाठी धरून होत्या. तिने डावीकडच्या मागच्या तारेचा ताण उतरवला आणि टोपी सोडवली. लुकण पुसून काढलं. आत नवा कोरा शंकू होता. बाहेरच्या तारा त्याच्याभोवती अशा बसल्या होत्या की एकीचं दुसरीला ओझं नाही. आणि शंकूची चीर बरोबर मोकळी, दोन तारांच्या मधोमध, होडीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून ठेवलेली. चीर कुठेही असली तरी चालते. तिला तोंड नसतं. पण दुसऱ्यांच्या होड्यांवर अशी टोकं बसवताना अँब्रोज ती नेहमी पुढे ठेवायचा, म्हणजे पुन्हा उघडल्यावर शोधायला नको. हे त्याने आणखी एकाच माणसाला शिकवलं होतं.

थर्झा बराच वेळ उघड्या टोकाकडे बघत बसली. भरती चढू लागली तेव्हा तिने लुकण भरलं, टोपी आवळली, ताण बरोबर केला, आणि घरी आली. रेघ ओढायला बाटलीत रंग नव्हता.

लोवेना टेबलावर नकाशे पसरून बसली होती. थर्झाने पाने तिच्या समोर ठेवले.

"चीर बापासारखी पुढे ठेवलीस," ती म्हणाली.

लोवेनाने पाने पाहिले. मग उठून दाराशी टांगलेल्या कोटाच्या खिशात हात घातला आणि तारेचा कापलेला तुकडा आणून आईपुढे ठेवला. त्यावर जुना शंकू अजून रुतलेला होता. थर्झाने चष्म्यावर चष्मा चढवला. एक तार चिरेत घुसून चपटी झाली होती. तिच्या शेजारच्या दोघी तिरक्या. असं टोक खाडीत वर्षभर टिकलं असतं. अटलांटिकमध्ये किती टिकलं असतं, याचा विचार ती करू लागली आणि करायचं थांबली.

"हे मी केलं," थर्झा म्हणाली.

"हो."

"तू दारात उभी होतीस, त्या दिवशी."

"तू उघडून पाहिलं नाहीस. कोरडं बंद केलंस आणि तसंच भरलंस. आई, तू कधी उघडून बघायची राहत नाहीस. म्हणून मी उघडलं. मला वाटलं, मुद्दाम केलंस."

स्वयंपाकघरात किटली उकळायला लागली होती. कुणी उठलं नाही.

थर्झाच्या तोंडी 'नाही' आलं होतं. ते खरंही होतं. पण तिने ते तिथेच धरलं, जसा कारखान्यात एखादा डबा हातात धरून ठेवायची, आणि वाजवून पाहिलं.

"मुद्दाम नाही," ती शेवटी म्हणाली. "पण मी विसरणारी बाई नाही. ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. मग कसं विसरले, ते मला सांगता येत नाही."

लोवेनाने मान हलवली. रागाने नाही. जे ऐकायला बसली होती ते मिळाल्यासारखी.

"तू गेलेलं नको आहे मला," थर्झा म्हणाली. "विचारलं होतंस ना. हे उत्तर."

"ठाऊक होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"तू सांगतेस का ते बघायला."

थर्झाने तुकडा पुन्हा हातात घेतला, शंकूवर नख फिरवलं. "एवढं एकच उघडलंस?"

"सगळी. हे कापल्यावर नवा शंकू हवा होता. तुझ्या जास्तीच्यांतला घेतला असता तर तू मोजले असतेस. म्हणून हेडलीकाकाचं दुकान उघडेपर्यंत थांबले, आणि तोवर बाकीची सगळी उघडून पाहिली. तुझ्याच बाटलीतून पुन्हा रेघा ओढल्या. याच्यापर्यंत येईतो बाटली संपली. मग फॅल्मथहून दुसरी आणली."

"गुलाबी आहे तो."

"दुकानातली म्हणाली, अगदी तोच."

"ती म्हणणारच." थर्झाने तुकडा खाली ठेवला. "बाकीच्यांत काय निघालं?"

"काही नाही. सगळी नीट होती."

"सगळी?"

"एकूण एक."

थर्झा उठली आणि किटली उतरवली. चहा करताना तिची पाठ लेकीकडे होती. स्वतःच्या आईच्या हातचं काम ही पोरगी चोरून उघडून बघते, एकच नाही, सगळं. वर पुन्हा रेघा ओढते. आणि महिनाभर आपल्या शेजारी बसून कांदे चिरते. थर्झाला खरं तर राग यायला हवा होता. तो येईना. त्याऐवजी छातीत काहीतरी सैल झालं, ताण उतरवल्यावर तार जराशी हलते तसं. समुद्रात ही एकटी असेल तेव्हा कुठल्याही चकचकीत झाकणावर विसंबणार नाही. बाप सावकाश होता, पण भोळा होता. ही भोळी नाही.

"तुझं टोक मीही आज उघडून पाहिलं," ती म्हणाली, कप ठेवत.

लोवेनाने वर पाहिलं. "मग?"

"चांगलं आहे."

थर्झा रोझवॉर्नने कुणाच्या कामाला चांगलं म्हटल्याचं लोवेनाला आठवत नव्हतं. तिने चहा घेतला आणि नकाशा आईच्या बाजूला सरकवला. थर्झाने बेटांवर बोट ठेवून, तिथे पाणी कसलं मिळतं ते विचारायला सुरुवात केली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या भरतीला, लोवेना निघाली. चॅपेलमधल्या बायका आल्या होत्या. एकीकडे डोळ्याला लावायला पदर नव्हता म्हणून तिने टोपीचं टोक लावलं. थर्झाने केशरी बनांची पिशवी होडीवर दिली, अक्षर चिकटवलेल्या पास्ट्या दिल्या, आणि शेवटी आपले दोन्ही पाने, मुठीला जुन्या गाऊनचं कापड गुंडाळलेले.

"पोचलीस की आधी डावीकडचं मागचं उघड," ती म्हणाली. "मी बंद केलंय ते."

"तू केलंस म्हणूनच उघडते," लोवेना म्हणाली. त्या वेळी दोघी हसल्या असं हेडली सांगतो, पण तो लांब होता.

शीड चढलं. 'गुलन' खाडीच्या वळणापलीकडे गेली तशी माणसं पांगली. हेडली थर्झाशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक बिस्किट होतं. त्याने ते मोडून अर्धं पुढे केलं.

"मावशी, आता तरी झाली खात्री?"

थर्झाने अर्धं बिस्किट घेतलं, आधी उलटून पाहिलं, मग तोंडात टाकलं.

"नाही," ती म्हणाली. "तिलाही नाही झालेली." आणि दुर्बीण डोळ्याला लावून वळणाच्या पलीकडचं शीड दिसतंय का ते बघत राहिली.